जागं स्वप्न आणि श्वासाची दोरी

पहाटे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळणं, म्हणजे जागं स्वप्न. यात चमत्कार नाही. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने स्वप्नातून ठरवून केलेल्या डोळ्यांच्या खुणा यंत्रावर नोंदवल्या.

वस्तीतली तरुण मुलं हा प्रयोग करू पाहतात आणि लक्ष टिकत नाही म्हणतात. बीडीडी चाळीतल्या एका खोलीत शेजारी कुणी घोरतं, पहाटे पाण्याची घाई असते. आम्ही त्यांना भगवान बुद्धांची आनापानसती सांगतो. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढंच जाणायचं. रंग, चेहरे दिसले तर त्यांच्यामागे धावू नये, हुसकूही नये. मन भरकटलं तर न चिडता श्वासावर यावं. जोर लावला की झोप उडते.

कधी मन जागं होतं, शरीर मात्र हलत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. ते भूत नव्हे. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल ठेवतो. श्वास चालूच असतो. घाबरू नये, थोड्या वेळात सुटतं. भगताकडे पैसे घालवू नयेत. असं वारंवार झालं, तर परळला केईमच्या मानसोपचार ओपीडीत दाखवावं.

रात्रपाळीवाल्यांनी आणि मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांनी हा प्रयोग टाळावा. आधी पोटभर झोप, मग स्वप्नाचा अभ्यास.