वेताळाचे अंक जपताना

अगं, फोटो सगळे पाहिले, एकेक मोठा करून पाहिले. आधी एकच सांगते. जावईबुवांच्या डोक्यात आजच्या आज ऑनलाइन जाहिरात टाकायचं असेल, तर त्यांना म्हणावं जरा दमानं घ्या. "किती येतील?" हा प्रश्न वाईट नाही, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा. शिवाय माळा साफ करताना ट्रंक तुझ्या हाती लागली असली, तरी अंक तुझ्या सासऱ्यांचे आहेत. शाळकरी वयात खाऊच्या पैशांतून घेतलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे बाबांनीच ठरवायचं. त्यांना न विचारता एकही अंक उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नकोस. नव्या घरात हे मी मुद्दाम सांगतेय.

आता तुझ्याकडे काय आहे ते ऐक. बहुतेक अंक इंद्रजाल कॉमिक्सचे आहेत. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४ मध्ये ती मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. तोवर अंकांचा आकडा आठशेच्या पुढे गेला होता. पहिला अंकच वेताळाचा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये मँड्रेक आणि १९३६ मध्ये वेताळ वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांसाठी उभे केले, आणि इंद्रजालने ते आपल्याकडे मराठीसह कितीतरी भाषांत घरोघरी पोचवले. वेताळाच्या मूळ कथेतल्या देशाचं नाव आपल्या बंगालसारखं वाटायचं, म्हणून इथे त्याचं डेंकाली केलं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा आपल्या मातीतला नायक. तुझ्या ढिगात बहादूरचे दोन-तीन अंक मला दिसले. ते वेगळे काढून ठेव, मला फार आवडतात.

खालच्या थरात अमर चित्र कथा आहेत. अनंत पै आधी टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते. तिथून बाहेर पडून त्यांनी १९६७ मध्ये ही मालिका काढली. मालिकेतले पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, म्हणून 'कृष्ण' हा अकरावा. त्याची चित्रं राम वाईरकरांची. पुढे प्रताप मुळीक, वसंत हळबे, दिलीप कदम अशी एकाहून एक मराठी माणसं या पानांवर राबली. 'टिंकल'मधल्या सुपंदीला चेहरा दिला तो वाईरकरांनी, शिकारी शंभूला हळब्यांनी. यांची चित्रं आपण लहानपणी नुसती उलटत गेलो, खाली नाव कुणाचं आहे ते पाहिलं नाही. आता बघ.

तर मुद्द्याचं. जुने अंक जपताना एकच नियम पाळायचा: आहे तसं राखायचं, सुधारायला जायचं नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. तिचा चिकट भाग काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग तो कायमचा डाग. उडालेला रंग स्केचपेनने भरायचा नाही. लॅमिनेशनचं तर नावच काढू नकोस, ते एकदा केलं की परतीची वाट नाही. गंजलेल्या पिना काढून नव्या ठोकायच्या नाहीत. बाइंडिंग करून घेऊ या, असं घरात कुणीतरी नक्की म्हणेल, कारण आपल्याकडे ती चांगली सवय मानली जाते. पण बाइंडर कडा कापतो, पाठीतून दोरा ओवतो आणि प्रत्येक अंकाला भोकं पाडतो. मात्र ट्रंकेत जो बांधलेला गठ्ठा आहे, तो आता सोडवू नकोस. तो तसाच राहू दे. बाबांनी मुखपृष्ठावर शाईने नाव आणि इयत्ता लिहिली आहे, तीही खोडायची नाही. विकणारा म्हणेल, त्याने किंमत उतरते. उतरू दे.

अंक बघायचा कसा, ते तुझ्याच तिसऱ्या फोटोवरून दाखवते. जेवणाचं टेबल पुसून कोरडं कर आणि वर स्वच्छ पांढरी चादर घाल. हात साबणाने धुऊन पूर्ण वाळव. हातमोजे नकोत, त्यांतून कागदाचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ कडा अडकून तुटते. अंक हवेत धरून उघडायचा नाही, टेबलावर ठेवून, पाठीला आधार देऊन उघडायचा. आता त्या फोटोत पाठीच्या दुमडीवर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा आहेत बघ. अंक वाचताना मागे मुडपला की तिथला रंग असा तडकतो. वरच्या पिनेभोवती तपकिरी वर्तुळ आहे, म्हणजे पिनेचा गंज कागदात उतरलाय. खालचा उजवा कोपरा गोल झालाय. मुखपृष्ठाच्या वरच्या कडेला अर्ध्या इंचाची चीर आहे. मुखपृष्ठाची चकाकी मात्र छान टिकली आहे. आता नेमकं मध्यावर उघड आणि मधलं जोडपान पिनेत घट्ट आहे का बघ. जुन्या अंकांत हेच सगळ्यात आधी सुटतं आणि हेच हरवतं. शेवटी सगळी पानं मोज. कोडी सोडवलेली आहेत का, कूपन कापलंय का, मागचं मुखपृष्ठ आहे का, हे सगळं बघ. वरून देखणा दिसणारा अंक मधलं पान नसेल तर अपुराच, आणि विकताना हे लपवणं म्हणजे सरळ फसवणूक.

प्रतवारी म्हणतात ती एवढीच, बघितलेलं प्रामाणिकपणे सांगणं. अमेरिकेत १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची किमतींची जाडजूड मार्गदर्शिका निघते. तिथल्या संग्राहकांनी ०.५ ते १० अशी मोजपट्टी बसवली आहे. १० म्हणजे छापखान्यातून आत्ता आलेला, ९.४ म्हणजे जवळपास तसाच, ६ म्हणजे वाचलेला पण नीट, आणि २ म्हणजे बराच झिजलेला पण पुरा. या २ ला ते 'गुड' म्हणतात, त्यामुळे ऑनलाइन खरेदीत नुसतं 'गुड' वाचून पैसे पाठवू नकोस. मला विचारशील तर तुझा तो तिसऱ्या फोटोतला अंक ४ च्या आसपास बसेल, तोही मधलं पान जागेवर असेल तर. माझा आकडा दगडावरची रेघ नव्हे. दोन जाणकार अर्ध्या-एका गुणाने सहज वेगळं बोलतात.

जावईबुवांनी सीजीसीचं विचारलंय. फ्लोरिडातली ही कंपनी २००० पासून अंक तपासते, गुण देते आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवते. पेटी फोडली की तो गुण गेला. रंग भरलेल्या, दुरुस्त केलेल्या अंकाला जांभळं लेबल लावतात आणि त्याची किंमत खूप पडते. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्या १९३८ च्या अंकासारख्या लाखो डॉलरच्या मालाला हे ठीक आहे. आपल्या मराठी इंद्रजालसाठी मला ते पटत नाही. जाण्यायेण्याचा खर्च, वाटेतले धक्के, आणि परत आल्यावर बाबांना स्वतःचा अंक उघडता येणार नाही. वेताळ वाचायलाच घेतला होता ना त्यांनी?

आता साठवण. इथे मी थोडी जास्तच बोलणार आहे, कारण तुझं घर कोकणात आहे आणि पाऊस तोंडावर आलाय.

या अंकांचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन राहून जातं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं-तपकिरी पडतं, कागदात आम्ल वाढतं आणि मग पान दुमडलं की तुटतं. हे थांबवता येत नाही, मंद करता येतं. उष्णता, दमट हवा आणि ऊन यांपासून दूर ठेवलं की झालं. म्हणजे कौलाखालचा माळा सगळ्यात वाईट. वैशाखात भट्टी आणि आषाढात ओल. ट्रंक आजच खाली उतरव. आणि हो, सासूबाई म्हणतील की जरा ऊन दाखवू या. अंक पापडांसारखे अंगणात वाळत घालायचे नाहीत. उन्हाने मुखपृष्ठाचे रंग उडतात आणि कागद आणखी ठिसूळ होतो. दमट वाटत असतील तर सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, एकमेकांवर न रचता दोन दिवस पसरून ठेव.

पसरतानाच तीन गट कर. धड असलेले, कसर लागलेले आणि बुरशीचे. कसर म्हणजे ते चंदेरी, सरपटत पळणारे किडे. ते कागदाचा पृष्ठभाग खरवडून खातात आणि त्यांना ओल लागते. असे अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू दे, नाहीतर थंड कागदावर दव धरेल. बुरशीचे अंक वेगळ्या खोलीत ठेव. ते पूर्ण वाळल्यावर, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर मऊ ब्रशने झटक. ओल्या फडक्याने पुसलंस तर डाग पसरेल. वाळवीची माती कुठे दिसली तर आधी कपाटाचा आणि भिंतीचा बंदोबस्त कर, अंकांचं नंतर.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घे. त्या स्वच्छ आणि स्वस्त असतात, काही वर्षांनी बदलायच्या. मायलर नावाने मिळणारी पॉलिएस्टरची पिशवी सगळ्यात टिकाऊ, पण महाग. ती फक्त तुझ्या लाडक्या अंकांना. पीव्हीसीचे फोल्डर नकोत. त्यांना जो उग्र नवा वास येतो ना, तोच कागदाला बाधतो. प्रत्येक पिशवीत अंकाच्या मागे आम्लरहित पुठ्ठा घाल, म्हणजे अंक वाकत नाही. साधा पुठ्ठा नको, त्याचं आम्ल अंकात उतरतं. मग अंक खोक्यात उभे ठेव, दाटीवाटीने नाही आणि तिरके कलंडतील इतके सैलही नाही. आडवे रचले तर खालच्यांची पाठ दबते. खोकं जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब, न्हाणीघराच्या भिंतीपासून तर फारच लांब. लोखंडी कपाट चालेल, पण पावसाळ्यात उघडीप पडली की दार तासभर मोकळं ठेव. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. रंग बदलणारी घेतलीस तर ओल कधी भरली ते कळतं, आणि वाळवून पुन्हा वापरता येते. पाच-सहाशे रुपयांचं छोटं आर्द्रतामापक मिळतं, ते आत ठेव. काटा पन्नासच्या आसपास राहिला तर उत्तम, पासष्टच्या वर गेला की बुरशीची भीती.

डांबराच्या गोळ्या अंकांबरोबर कोंडू नकोस. त्यांची वाफ प्लास्टिकला आणि माणसांना दोघांनाही बरी नाही. पानांत कडुनिंबाचा पाला घालायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण पाल्याचे डाग पडतात. तो कपाटाच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवला तर सासूबाईंचंही मन राहील.

किमतीचं आता बोलू. अमर चित्र कथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, म्हणून जुनी दिसते ती पहिलीच छपाई असं धरून चालू नकोस. 'कृष्ण'वर ५०१ असा क्रमांक असेल तर ती नंतरची आवृत्ती, जुन्या मालिकेत तो ११. दुसरी खूण म्हणजे आत किंवा मागे दिलेली अंकांची यादी. हातातल्या अंकाच्या बऱ्याच पुढचे क्रमांक त्यात असतील तर छपाई नंतरची. छापील किंमतही बघ. इंद्रजालमध्ये अंकाचा क्रमांक, भाषा, नायक आणि स्थिती या चार गोष्टींवर भाव ठरतो. विक्रेते जे आकडे लिहितात ते त्यांचं मागणं. खरोखर कितीला विकलं गेलं, तोच भाव. माझं मन विचारशील तर मराठी अंक विकू नयेत. रद्दीवाल्याच्या तराजूत आणि वाचनालयांच्या हाताळणीत किती गेले असतील! एखादा अंक दुहेरी असेल तर तो खुशाल बदल, त्याबदल्यात बाबांकडे नसलेला घे. मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी येत्या महिन्यात जाणारच आहे, तेव्हा मला हरवलेल्या क्रमांकांची यादी पाठव.

ती यादी बाबांना शेजारी बसवून कर. एक वही घे आणि क्रमांक, नाव, भाषा, छापील किंमत, काय दोष आहे, सगळं लिही. कुठून घेतला, कुणाशी बदलला, कुणाचा परत करायचा राहिला, हेही त्यांना विचार. अशी माहिती संग्राहकालाही हवी असते, आणि ती बाबांशिवाय कुणाकडेच नाही. सूनबाई म्हणून तुला हा वेळ ते आनंदाने देतील, मला खात्री आहे.

पिशव्या एकदम शंभर मागवू नकोस. इंद्रजाल आणि अमर चित्र कथा दोन्ही पट्टीने मोज, माप मला कळव, मी इथून थोड्या पाठवते. अंक आत सहज सरकला, दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली आणि वरची पट्टी दुमडून बसली, की माप बरोबर. पट्टीची चिकट बाजू अंकाला लागत नाही ना तेवढं बघ आणि मग बाकीच्या मागव.