जुना लेथ घेताना

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा घेतला आहे. दलालाने जुना एचएमटी एनएच-२२ लेथ दाखवलाय. रंग कोराकरकरीत, भावही बरा. घ्यावा का?

उत्तर : रंगाकडे बघूच नका. रंगाखाली पुट्टी किती, हे दलालालाच ठाऊक! बेड बघा. लेथ झिजतो तो चकजवळ, कारण रोजचं काम तिथंच होतं. सॅडल चकजवळ आणून त्याचे गिब थोडे आवळा, मग हाताने टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झालं तर बेड झिजलाय. ग्राइंडिंगचा खर्च भावातून वजा करा, नाहीतर सोडून द्या.

मशीन थ्री-फेज कनेक्शनवर चालू करूनच बघा. ‘लाइट नाही’ म्हणाले तर लाइट येईल तेव्हा या. सगळे गिअर टाकून आवाज ऐका. मग जाड सळई टेलस्टॉकचा आधार न देता दीडशे मिलिमीटर टर्न करा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर लेव्हल तपासून पुन्हा टर्न करा. तरीही तेवढाच राहिला तर हेडस्टॉक किंवा बेडची गडबड समजा.

आटे पाडणार असाल तर हाफ नटही बघा. चक, स्टेडी, चेंज गिअर सोबत मिळणार का, हे आधी ठरवा. जीएसटीचं बिल घ्या, मशीनवर बँकेचा बोजा नाही हे लिहून घ्या. क्रेन आणि टेम्पो कोणाच्या खर्चाने, तेही.