आयतुल कुर्सी आणि भुशीचं पाणी

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्या-मुंबईहून लोणावळ्याकडे निघालेल्या कितीतरी गाड्यांत अम्मीचे ओठ हलत असतात. आधी सफरची दुआ, मग आयतुल कुर्सी, मग सूरह फलक आणि सूरह नास, आणि शेवटी मागच्या सीटवर भांडणाऱ्या पोरांवर एक फुंकर. ही रीत सोडा, असं मी सांगणार नाही. पैगंबर साहेब (स.) आपल्या नातवांसाठी, हसन आणि हुसैन यांच्यासाठी, अल्लाहकडे रक्षण मागत आणि हजरत इब्राहिमही इस्माईल-इसहाकसाठी असंच मागत असत, असं त्यांना सांगत. बुखारीत ही नोंद आहे. शेजारच्या काकू मीठ-मोहऱ्या ओवाळून नातवाची दृष्ट काढतात, तेव्हा त्यांच्या जिवातही तीच धाकधूक असते.

मला बोलायचंय ते फुंकर मारून झाल्यानंतरच्या तासांबद्दल.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूला, जंगलात, एक धबधबा धरणाच्या पाण्यात उतरतो. वर डोंगरात पाऊस वाढला, लोंढा आला आणि प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले एकाच घरातले लोक वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं गेली. त्यांनी निघताना काय पढलं होतं, हे विचारण्याचा हक्क तुम्हा-आम्हाला नाही. पण अशा प्रत्येक अपघातानंतर आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘लिहिलेलं होतं, कोण टाळणार?’ आणि दुसरं, जरा हळू आवाजातलं, ‘दुआ पढून निघाले नसतील.’ पहिलं वाक्य आळशी आहे, दुसरं निर्दय. आणि धर्माच्या नावावर बोलली जात असली तरी या दोन्ही वाक्यांना धर्माचा आधार मिळत नाही.

पहिल्याचं बघू. हदीसमध्ये एक इशारा आहे, तो आपल्या मक्तबांमध्ये फारसा शिकवला जात नाही याचं मला नवल वाटतं. ज्या छताला कठडा नाही त्यावर जो झोपला आणि पडून मेला, त्याच्या रक्षणाची हमी उरली नाही. आणि समुद्र खवळलेला असताना जो त्यावर निघाला, त्याचंही तसंच. आता पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या ओढ्यात कडेवर पोर घेऊन उतरणाऱ्या अब्बूंनी स्वतःलाच विचारावं, हे पाणी खवळलेल्यात धरायचं की नाही? दुसऱ्या एका हदीसमध्ये रात्री अल्लाहचं नाव घेऊन दार लावायला आणि भांडी झाकायला सांगितलंय, आणि अंधार पडताना मुलांना घरात घ्यायला. नाव घ्यायचं आणि कडीही घालायची. नाव घेतलंय म्हणून दार सताड उघडं ठेवा, असं कुठेही नाही.

हजरत उमर शामकडे निघाले होते, वाटेत तिथे साथ पसरल्याचं कळलं, तेव्हा ते सरळ मागे फिरले. अबू उबैदांनी टोकलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? त्यावर उमरचं म्हणणं होतं की हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. लोणावळ्यात पोचल्यावर पाऊस धो-धो लागला म्हणून गाडीतच भजी खाऊन परत फिरणारं कुटुंब भित्रं नाही, ते उमरच्या वाटेवर आहे.

आता पाण्याचं थोडं. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भुशीचं धरण मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं, पोरांना खेळायला नव्हे. इथले ओढे आखूड आणि उताराचे. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर सर कोसळत असते. पाणी चढायला काही मिनिटं पुरतात. पाणी एकदम गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या, आवाज बदलला, की त्याच क्षणी काठावर यायचं. फोटो राहू द्यायचा. शेवाळलेल्या खडकावर गुडघाभर वाहतं पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलतं. पाटी लावलेली असेल तर ती वाचायची. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, मावळातल्याच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघं दगावले. तो धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. अशा वेळी पाण्यात आणि दरीत उतरतात ती लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची इथलीच पोरं. आपल्या बेफिकिरीपायी त्यांचा जीव धोक्यात घालायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुसऱ्या वाक्याकडे वळताना मला सूरह यूसुफमधले याकूब आठवतात. ते नबी आणि बापही. मुलांना मिसरला पाठवताना ते सांगतात की सगळे एकाच वेशीतून शिरू नका, वेगवेगळ्या वेशींनी जा. आणि लगेच हेही सांगतात की अल्लाहच्या फैसल्यापुढे मी तुमच्या काही कामी येणार नाही. खबरदारी घेतली, भरवसाही अल्लाहवर टाकला, तरी धाकटा बिनयामीन त्या खेपेला घरी परतला नाही. दुआची ताकद आणि तिची हद्द, दोन्ही एकाच बापाच्या तोंडून. पैगंबर साहेबांचे सगळे मुलगे लहानपणीच गेले. लेकींमध्ये एकट्या फातिमा त्यांच्यामागे राहिल्या. तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा ते रडले. त्यांच्या दुआत काही कमी होतं, असं म्हणायला कुणाची जीभ धजावेल? दुआ वाया जात नाही, असं हदीस सांगते. कधी मागितलेलं मिळतं, कधी तेवढंच दुसरं संकट टळतं, कधी ती आखिरतसाठी राखून ठेवली जाते. यातलं काय झालं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरातला हिशोब आपण मांडायचा नाही. आणि बुडून मरणाऱ्याला तर शहिदांमध्ये धरलंय. शहिदाच्या आईबापाला दोष द्यायला निघणारे आपण कोण?

जाता जाता आपल्या घरातलीच एक गोष्ट. आई-बापाची दुआ कबूल होते, हे आपण अभिमानाने सांगतो; पण पोरांना शाप देऊ नका, कबुलीची घडी नेमकी तीच असेल, ही ताकीदही आहेच. म्हणून भुशीच्या पायऱ्यांवर पोर हात सोडून पळालं की ‘मर जा’ म्हणून ओरडू नका. उठून हात धरा. मुलांना दुआ पाठ करून घ्या आणि पोहायलाही शिकवा, पण पोहता येतं म्हणून पावसाळ्यात ओढ्यात सोडू नका.

आणि कुणाच्या घरी असं दुःख आलंच, तर मूतहच्या लढाईत चुलतभाऊ जाफर गेले तेव्हाचं पैगंबर साहेबांचं सांगणं लक्षात ठेवा. त्यांनी लोकांना जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवायला सांगितलं. तुम्हीही डबा घेऊन जा, पोरांच्या आईजवळ बसा, आणि निघताना काय पढलं होतं हे तिला विचारू नका.