दोन मोडक्या कॅमेऱ्यांचा एक कॅमेरा

आता फोटो मोबाइलवर निघतात. पण जुना डिजिटल कॅमेरा काही घरांत अजून पेटीत पडून असतो. कधी तो हातातून पडला, पडदा फुटला, तेव्हापासून कुणी त्याला हात लावलेला नसतो. असा कॅमेरा फेकू नका.

या कॅमेऱ्यात रोळ नसतो. उजेड भिंगातून आत जातो. आत नखाएवढी चिप असते. ती उजेडाची वीज करते. त्या विजेवरून फोटो तयार होतो आणि कार्डावर साठतो. कार्ड म्हणजे कॅमेऱ्याची वही. कॅमेरा मोडला तरी वही शाबूत असू शकते. म्हणून कार्ड आधी काढून जपून ठेवा. वारलेल्या आजीचा फोटो त्यात असेल. तो पुन्हा काढता येणार नाही.

कॅमेरा अजिबात चालू होत नसेल, तर सेलची जागा बघा. सेल गळून पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुकटी जमते. कापूस लिंबाच्या रसात जरासा भिजवून ती पुसा. मग ओल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्या. कधी एवढ्यानेच काम भागते.

पडदा फुटला असेल तर दुसरा हवा. भंगारवाल्याकडे तसलाच कॅमेरा मिळतो का बघा. त्याचे भिंग मोडलेले असले तरी चालेल, पडदा चांगला हवा. दोघांच्या खाली लिहिलेला मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

आता नीट ऐका. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे इथे करू नका. फ्लॅशसाठी आत एक लहान नळकांडे असते. त्याला कपॅसिटर म्हणतात. त्यात सुमारे 300 व्होल्टची वीज साठते. घरच्या दिव्याची वीज 230 व्होल्टची असते. सेल काढला तरी ही वीज आत राहते. भंगारातल्या कॅमेऱ्यातही ती असू शकते. तिचा झटका जबर बसतो. म्हणून कपॅसिटर रिकामा करण्याचे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. तो रेझिस्टर लावून वीज उतरवतो आणि मीटरने तपासतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका.

पुढचे काम सावकाश करा. कागदावर कॅमेऱ्याचे चित्र काढा. जो स्क्रू जिथून निघाला, तो चित्रात तिथेच ठेवा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी घुसला, तर आतला भाग फुटतो. पडद्याची वीज एका पातळ चपट्या पट्टीतून येते. तिच्या तोंडाशी बारीक खटका असतो. तो नखाने उचला, मगच पट्टी सरळ ओढा. नवी पट्टी बसवून खटका दाबा. मागचे झाकण लावल्यावरच सेल घाला. कॅमेरा चालू केला की कपॅसिटर पुन्हा भरू शकतो.

फुगलेला सेल टोचू नका, जाळू नका. तो भडकतो.

उरलेले स्क्रू, झाकणे, बटणे डबीत ठेवा. मोडकी वस्तूही दुसरीच्या उपयोगी पडते.

प्रश्न
1. कार्ड आधी का काढावे?
2. सेल काढल्यावरही धोका का राहतो?
3. स्क्रू चित्रावर का ठेवावेत?