'मला माहीत नव्हतं' एवढं पुरेल का?

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी खिडकीचा जुना रंग खरवडत होतो आणि ताईचं बाळ खाली पडलेले पोपडे गोळा करत होतं! जुन्या रंगात शिसं असतं आणि ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक. ते घर भाड्याचं असेल तर जबाबदार कोण?

अमेरिकेत घरगुती शिसंयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली, पण जुने थर भिंतींवर राहिलेच. 'शिसं आहे हे मला माहीतच नव्हतं,' असं घरमालक म्हणाला तर? न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००१ साली पाच प्रश्न ठरवून दिले. मालकाने आत येण्याचा हक्क ठेवून दुरुस्ती अंगावर घेतली होती का? इमारत बंदीपूर्वीची आहे, रंग सुटतोय, शिसं मुलांना घातक असतं आणि घरात लहान मूल राहतं, हे चारही त्याला ठाऊक होतं का? पाचही उत्तरं 'हो' असतील तर प्रत्यक्ष तपासणी झाली नसली तरी त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते.

मला वाटतं, हा धडा आपल्यालाही लागू आहे. तडा दिसत असताना 'मोजलं नव्हतं' म्हणणारा इंजिनीअर सुटत नाही. आपल्याकडे २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, पण जुन्या थरांचं काय? ते कोरडे घासू नका, आणि आधी बाळाला उचला!