इन्सुलिन हातातल्या बॅगेतच

टूर निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी उठून विचारलं होतं, ह्यांचं इन्सुलिन केबिन बॅगेत ठेवू ना? माइक घेऊन फिरणारा मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, सुया दिसल्या की सिक्युरिटीवाले अडवतात, सगळ्यांचा खोळंबा होतो. औषधं मोठ्या बॅगेत टाका आणि निश्चिंत राहा." मी पुन्हा विचारलं. "इतकी वर्षं लोकांना नेतोय, आमच्यावर सोडा," असं उत्तर मिळालं. मीच उगाच घोळ घालतेय अशा नजरेने आजूबाजूचे बघत होते.

फ्रँकफर्टला सगळ्यांच्या बॅगा आल्या, इन्सुलिन टाकलेली आमची मोठी बॅग तेवढी आली नाही. पट्टा थांबला तेव्हा मला ना कपडे आठवले, ना स्वेटर. रात्रीच्या जेवणाआधीचं इंजेक्शन आठवलं आणि हात गार पडले. टूर लीडर घड्याळ बघत होता. "एखादा डोस चुकला तर काही होत नाही हो काकू. आणि उद्या सकाळी बस कोणासाठी थांबणार नाही." वर्षानुवर्षं इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या बायकोला हे ऐकवायचं! तो डॉक्टर नव्हता. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

शनिवारची रात्र होती आणि जर्मनीत रविवारी औषधांची दुकानं बंद असतात. आळीपाळीने एखादं उघडं ठेवतात, त्याचा पत्ता बंद दुकानांच्या दारावर लावलेला असतो. आम्हाला तो हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने शोधून दिला. टूर लीडर झोपायला गेला होता. दुकानातल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, भारतातल्या चिठ्ठीवर इन्सुलिन देता येणार नाही, इथल्या डॉक्टरचीच चिठ्ठी हवी. दवाखाने बंद असताना डॉक्टर मिळण्यासाठी तिकडे ११६११७ हा नंबर आहे (जीवावर बेतलं तर ११२), हेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टर भेटले, पण आमच्या चिठ्ठीवर सगळी आपल्याकडची ब्रँडची नावं. ती तिकडे कोण ओळखणार? तीन औषधं एकत्र असलेली ह्यांची गोळी कशाची आहे, हे पुण्याला मुलाला झोपेतून उठवून विचारावं लागलं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र घ्या. त्यात प्रत्येक औषधातले घटक, त्यांची मात्रा, दिवसातून किती वेळा, आजार कोणता आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव असावं. इन्सुलिन आणि सुया लागतात हे स्पष्ट लिहून घ्या. हे पत्र असलं की सुया केबिनमध्ये नेता येतात. येताना मी ह्यांची पेनं आणि सुया ट्रेमध्ये वेगळ्या काढून ठेवल्या, कोणी हूं की चूं केलं नाही. द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा प्रवासात लागणाऱ्या औषधांना नसते, फक्त ती तपासणीत आपणहून दाखवायची.

बॅग पुढे मिळाली, पण त्यातलं इन्सुलिन मी फेकून दिलं. सामानाच्या कप्प्यात तापमान किती खाली जाईल याचा भरवसा नाही आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं दिसलं तरी वापरायचं नसतं. त्याच कारणाने त्याला बर्फाची पिशवी थेट लावू नका. वापरात असलेली बहुतेक पेनं ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस फ्रिजशिवाय राहतात. तुमच्या पेनच्या वेष्टनावर वाचून घ्या. निम्मी औषधं तुमच्या हातातल्या बॅगेत, निम्मी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या.

केमिस्ट गोळ्यांची पट्टी कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर जाते. अख्ख्या पट्ट्या मागा, बिल ठेवा. वारांप्रमाणे गोळ्या ठेवायचे डबे हॉटेलवर पोचून भरा. देशाचे नियमही बघा. दुबईला कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या औषधांना आधी परवानगी लागते, खसखस तर नेऊच नका. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना बंदी आहे.

बाकी ओआरएस, पॅरासिटामॉल, बँडेज, गाडी लागण्याची गोळी हे सगळे नेतातच. कात्री मोठ्या बॅगेत, थर्मामीटर पाऱ्याचा नको.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. "नंतर बघू, बस उभी आहे," असं आमच्या टूर लीडरने तीनदा म्हटलं. मी हलले नाही. बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत उशिराबद्दल लेखी दावा करावा लागतो. औषधांची सगळी बिलं जोडली, विमान कंपनीने ते पैसे दिले. डॉक्टरची फी विमा कंपनीने आजार आधीपासूनचा म्हणून नाकारली, तेव्हा पॉलिसी घेतानाच जुन्या आजाराचं कलम वाचा.

टूर कंपनीकडून एका ओळीचं उत्तर आलं, औषधांची जबाबदारी प्रवाशाची असते. मीटिंगमध्ये असं काही सांगितलंच नव्हतं, असं मॅनेजर फोनवर म्हणाला. चाळीसेक माणसं बसली होती समोर! तुम्ही असे प्रश्न मीटिंगमध्ये विचारा, पण घरी येऊन तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा आणि उत्तर लिहून येईपर्यंत उरलेले पैसे भरू नका.