कण्हेरीचे विष आणि म्हातारपण

आपल्या शाळेच्या कुंपणाला गुलाबी कण्हेर आहे ती तुम्ही रोज बघता. शेळी सगळं खाते पण कण्हेरीला तोंड लावत नाही. तिचा चीक विषारी असतो. या विषाची एक गोष्ट मला ताईने सांगितली. ताई म्हणजे मोठ्या काकांची मुलगी. ती पुण्याला बी.एस्सी. शिकते. कॉम्प्युटरला शिकवून औषधे कशी शोधायची, हा तिचा अभ्यास आहे. गणपतीला ती घरी आली होती.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. काही पेशी म्हाताऱ्या झाल्या की त्यांची वाढ थांबते, पण त्या मरत नाहीत. तशाच पडून राहतात. त्यांच्यातून असे पदार्थ पाझरतात की शेजारच्या पेशीही बिघडतात. मला हे कळेना. मग ताई म्हणाली, "आपल्या चाळीत एक कांदा सडला तर काय होतं?"

मी म्हणालो, "बाजूचे पण सडतात. मग आजी सडके निवडून टाकते."

तर शरीरातले असे सडके कांदे तेवढे निवडून मारणारी औषधे शास्त्रज्ञ शोधत आहेत. पण पदार्थ हजारो! एकेक तपासायला फार वेळ आणि पैसा लागतो. म्हणून स्कॉटलंड देशातल्या एडिंबरो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरला शिकवले. आमचे आजोबा बैल बघूनच सांगतात, हा कामाला चांगला, हा कामचुकार. त्यांनी पुस्तक वाचलेले नाही, शेकडो बैल बघून त्यांना कळते. तसे कॉम्प्युटरला आधी म्हाताऱ्या पेशी मारणारे 58 पदार्थ दाखवले आणि दुसरे सुमारे अडीच हजार दाखवले. मग 4340 नवे पदार्थ पुढे ठेवले. (खरे पदार्थ नव्हेत, त्यांची माहिती.) त्यातले 21 त्याने निवडले. ते माणसांनी प्रयोगशाळेत पेशींवर तपासले, तर 3 बरोबर निघाले. हे 2023 साली छापून आले.

21 पैकी 3 मला मिळाले असते तर गुरुजींनी बाकावर उभे केले असते! पण ताई म्हणते, 4340 तपासण्यापेक्षा 21 तपासणे किती सोपे, म्हणून हे मार्क चांगलेच आहेत.

त्या तिघांपैकी एक पदार्थ गिंको नावाच्या झाडात असतो, एक चीनमधल्या वेलीत. आणि तिसरा, ओलिअँड्रिन, आपल्या कण्हेरीत!

हे ऐकून मी पळत गेलो. आजीचे गुडघे फार दुखतात. तिला ओटा चढवत नाही. मी कण्हेरीची मूठभर पाने आणली आणि पाट्यावर वाटायला बसलो. ताई ओरडली, "अरे, आजीला मारतोस का?" तिने पाने फेकली आणि मला साबणाने हात धुवायला लावले. त्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस दगावतो. प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींना हृदय नसते, म्हणून तिथे ते चालते. माणसाला देण्यासारखे औषध त्यातून अजून झालेले नाही. पहिलीच्या मुलांनी तर कण्हेरीला हातच लावू नये.

मी रडायला लागलो, तेव्हा आजीला सगळे कळले. तिने ताईला विचारले, "मग ते औषिद कधी येनार गं?"

ताई म्हणाली, "सांगता येत नाही, आजी."

"येईल तवा येईल," आजी म्हणाली. "आधी चाळीतले कांदे बघा, वास यायला लागलाय."